घरगुती केमिस्ट्री किट: १४९९ रुपयांत आपलंच स्वयंपाकघर परत विकत

आधीच सांगतो, मी कॉमर्सवाला माणूस आहे. दहावीनंतर माझा केमिस्ट्रीशी संबंध जळजळ झाली की इनो पिण्यापुरता. त्यामुळे हा रिव्ह्यू कुणा सायन्सवाल्याचा नाही, सहावीतल्या मुलीच्या बापाचा आहे. जुलैत लेकीचा वाढदिवस होता, तिला बार्बी नको, सायकल आहे, मग ऑनलाइन शोधता शोधता हे किट दिसलं, बॉक्सवर गॉगल घातलेला गोरा मुलगा आणि मागे धूर, वर लिहिलेलं "१०१ प्रयोग, रोजच्या जीवनातलं रसायनशास्त्र". किंमत २४९९, सेलमध्ये १४९९. घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नंतर बघितलं तर असे पाचसहा बॉक्स वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आतलं सामान बहुतेक तेच असतं.

किट आलं तेव्हा धो धो पाऊस. बॉक्स उघडला तर आतली आयोडीनची छोटी बाटली अर्धी सांडलेली आणि पुस्तिकेची पहिली दहाबारा पानं जांभळी-काळी. माझं डोकं फिरलं, मी रिटर्नचं बटण शोधायला लागलो, पण लेक म्हणाली, "बाबा थांब ना, पान निळं का झालं?" आयोडीन तर तपकिरी असतं. उत्तर त्याच पुस्तिकेत पान १४ वर होतं, जेवढं वाचता येत होतं तेवढं वाचलं: स्टार्चवर आयोडीन पडलं की निळा-काळा रंग येतो, आणि कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्याला बऱ्याचदा स्टार्च लावलेलं असतं. म्हंजे पहिला प्रयोग कुरियरवाल्यानंच करून आणला होता.

उरलेल्या अर्ध्या बाटलीवर आमचे चार दिवस मजेत गेले हे मान्य करायला पाहिजे. बटाट्याची फोड, भाताची पेज, भिजवलेला साबुदाणा, सगळं काळंनिळं. काकडीवर काही नाही. डेअरीच्या पनीरवर काही नाही, हुश्श, कारण पनीरमध्ये आणि दुधात स्टार्च घातलेलं असेल तर ते असंच पकडतात. मग निळी झालेली पेज गरम केली तर रंग गायब, गार झाली की परत हजर, हे तर मला जादूच वाटलं, मी ऑफिसमधल्या लोकांना व्हिडिओ पाठवला (कुणी बघितला नाही). आणि लेकीच्या युनिफॉर्मवर आयोडीनचा डाग पडला तो व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी पाण्यात विरघळवून चोळली तर दोन मिनिटांत गेला. एवढ्या एका गोष्टीसाठी अर्धा स्टार जास्त.

आता सामान. तीन प्लॅस्टिकच्या टेस्टट्यूब, स्टँड, फनेल, दोन ड्रॉपर (एक चुकून जास्तीचा आला असावा, यादीत एकच आहे), गाळणकागद, पीएचच्या (म्हंजे आंबट की खारं ते मोजायच्या) पट्ट्या, गॉगल, हातमोजे जे माझ्या हातालाही मोठे होतात, आणि पुड्या. पुड्यांवर भारदस्त नावं आहेत, सोडियम बायकार्बोनेट २० ग्रॅम, सायट्रिक ऍसिड २० ग्रॅम, पोटॅशियम ऍल्युमिनियम सल्फेट २५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड २५ ग्रॅम. हो, मीठ. मीठ पुडीत घालून पाठवलंय. बाकीचे म्हंजे खायचा सोडा, लिंबूसत्व आणि तुरटी. माझी आई पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात राहते, तिनं ती तुरटीची पुडी हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "दाढीची तुरटी एवढीशी? किती घेतले म्हणालास?" मी सहाशे सांगितले. तरी ऐकून घ्यावं लागलं.

आणि १०१ प्रयोगांचं गणित असं आहे की लिंबाचा पीएच मोजा हा एक प्रयोग, संत्र्याचा मोजा हा दुसरा, व्हिनेगरचा तिसरा, असं करत करत २३ पर्यंत जातात. मी आणि लेक बसून मोजले, खरे वेगळे प्रयोग एकतीस. त्यातले आमचे जमले अठरा-एकोणीस.

सगळ्यात मोठा पोपट ज्वालामुखीचा झाला, बॉक्सवर सगळ्यात मोठं चित्र त्याचंच आहे. त्यासाठी सोडा, लिंबूसत्व आणि लाल रंग असं एकत्र केलेलं "मॅजिक पावडर"चं पाकीट येतं. आमचं पाकीट फुगून टम्म झालेलं, आत खडा. वाढदिवसाला सोसायटीतली आठ मुलं गोल करून बसलीत, आणि ज्वालामुखीनं एक ढेकर दिली आणि संपला. नंतर कळलं ते साधं आहे. सोडा आणि आंबट पावडर कोरडे असेपर्यंत शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं राहतात, पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाकिटाचं सील धड नव्हतं, पावसाळी दमट हवा आत शिरली, आणि ज्वालामुखी गोडाऊनमध्येच हळूहळू फुटून गेला. इनोमध्ये पण हेच दोघं असतात, म्हणूनच त्याचं पाकीट इतकं घट्ट असतं. शेवटी बायकोनं आतून इनोची दोन पाकिटं आणि खायचा लाल रंग आणला, पेल्यात पाणी ओतलं, आणि मुलं खूश. एका पोरानं पेल्याला हात लावून सांगितलं की पेला गार पडलाय, आणि खरंच पडला होता, ही क्रिया आजूबाजूची उष्णता ओढून घेते. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, तिथे फक्त "वॉव" असं लिहिलंय.

याच्यावरनं एक आठवलं, विषयांतर आहे पण लिहितोच. ते सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून बेसिन साफ करायचे रील्स असतात ना, आमच्याकडे बायको आणि मी दोघंही त्याचे भक्त होतो. पीएच पट्टीनं मोजलं तर फेस बसल्यावर जे पाणी उरतं ते ना धड आंबट ना धड खारं. दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात, खाली उरतं सोडियम ऍसिटेटचं पाणी, त्यानं कसली घाण निघणार. नुसतं व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या थराला चांगलं, नुसता सोडा तेलकटाला बरा. एकत्र केले की फक्त बघायला छान.

आता जे खरंच आवडलं त्याबद्दल. हळदीचा कागद. हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवायची, गाळणकागद त्यात बुडवून वाळवायचा, झाला तुमचा कागद तयार. त्यावर साबणाच्या पाण्यानं काडीनं लिहिलं की लाल अक्षरं उमटतात, लिंबू लावलं की परत पिवळी. खायच्या सोड्यानं जेमतेम केशरी होतो, धुण्याच्या सोड्यानं लालभडक. वरणाचा डाग पडलेला पांढरा शर्ट साबण लावल्यावर लाल का होतो हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. आईनं हे बघितलं आणि आतनं पापडखाराची डबी आणि पानाच्या डब्यातला चुना घेऊन आली. दोन्हींनी कागद लाल. मग चिमूटभर हळदीत बोटभर चुना कालवून तिनं नातीच्या कपाळाला टिळा लावला, म्हणाली, "कुंकू असंच तर करायचे अगं, हळद आणि चुना, यात काय प्रयोग." किटवाल्यांनी हे पानभर लिहिलं असतं तर मी पाच स्टार दिले असते. पुस्तिकेत हळदीखाली लिहिलंय "एक भारतीय मसाला". भारतात विकताय ना बाबांनो!

हाच मुद्दा पुढे पुढे खटकत जातो. पुस्तिका परदेशातल्या कुठल्यातरी किटवरून उचलून नुसती हिंदी-इंग्रजी केलेली आहे. मराठी नाहीच. तांब्याच्या प्रयोगात म्हणतात, "खिशातलं तांब्याचं नाणं घ्या". कुणाच्या खिशात आहे तांब्याचं नाणं? आपली हल्लीची नाणी बरीचशी स्टीलची. आम्ही सरळ आईचं ताम्हन घेतलं, आईची परवानगी काढून (म्हंजे ती वामकुक्षी घेत असताना). व्हिनेगर आणि मीठ लावलं की काळपट थर जातो, तो कॉपर ऑक्साइडचा थर, आंबटात विरघळतो, मिठानं काम पटकन होतं. आई उठली आणि म्हणाली, चिंच होती की घरात. ते धुतलेलं आंबट पाणी फेकू नका, त्यात लोखंडी खिळा रात्रभर ठेवा, सकाळी खिळ्यावर तांबूस मुलामा चढलेला असतो, लोखंड पाण्यात उतरतं आणि तांबं त्याच्या जागी येऊन बसतं. आमच्या लेकीनं तो खिळा कंपासपेटीत ठेवलाय, शाळेत सोन्याचा म्हणून दाखवते.

इथे आईची गाडी सुरू झाली ती थांबेना. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, हा शब्द लेकीनं पहिल्यांदा ऐकला. कळकतं म्हंजे हेच, आंबट गोष्ट तांब्या-पितळेला खाते आणि तो धातू ताकात उतरतो, चव बिघडते आणि पोटालाही वाईट. म्हणून कल्हई. कल्हईवाला वाड्याच्या चौकात भाता लावून बसायचा, भांडं तापवून त्यावर नवसागर टाकायचा, भस्सकन पांढरा धूर, नवसागरानं भांड्यावरचा ऑक्साइड निघतो, मग कथलाची कांडी टेकवून कापडानं सर्रकन फिरवायची की आतून चांदीसारखं लख्ख. कथिलाला ताकाचं फारसं काही वाटत नाही. एवढं ऐकल्यावर लेकीला तांबट आळी बघायची होती, मग रविवारी कसब्यात जाऊन आलो, ठोक्यांचा आवाज लांबूनच येतो. किटमधल्या १०१ प्रयोगांपेक्षा तिला ती सकाळ जास्त लक्षात राहिलीये, पण त्याचं श्रेय किटला द्यायचं का, मला कळत नाही. थोडं देतो.

नुकसानीबद्दल पण लिहायला हवं. आईकडे स्वयंपाकघरात जुना कडाप्प्याचा ओटा आहे. ताम्हनातनं व्हिनेगर सांडलं, बारीक बुडबुडे आले, आम्ही "अरे वा" करत बघत बसलो, आणि पुसलं तेव्हा तिथलं पॉलिश गेलेलं. रुपयाएवढा पांढुरका डाग. कडाप्पा आणि शहाबादी फरशी दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट पडलं की दगडच विरघळतो. ग्रॅनाइटच्या ओट्याला काही होत नाही, आमच्या धायरीच्या घरी तो आहे म्हणून मला याची कल्पनाच नव्हती. पुस्तिकेत "टेबलावर वर्तमानपत्र अंथरा" एवढंच आहे, दगडाबद्दल एक शब्द नाही. आईनं दोन दिवस माझ्याशी ओट्यापुरतंच बोलणं ठेवलं. लेक मात्र ड्रॉपर घेऊन वाडाभर फिरली, जोत्याच्या काळ्या दगडावर टाकलं, काही नाही, तो आपला बेसाल्ट. पण दोन दगडांमधल्या जुन्या चुन्याच्या दरजांवर टाकलं की फसफस. भाडेकरू काकांनी वरून विचारलं काय चाललंय, तर म्हणे वाडा कशाचा बांधलाय ते बघतेय.

आता मिठाचा प्रयोग, ज्यानं मला खरं हे सगळं लिहायला लावलं. पान ३२, "तुमच्या मिठात आयोडीन आहे का?" मीठ पाण्यात विरघळवा, व्हिनेगर घाला, हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, स्टार्चचं पाणी घाला, निळं झालं तर आयोडीन आहे. आम्ही केलं. काही नाही. परत केलं. काही नाही. घरातलं मीठ बदललं, आईकडचं आणलं, शेजारच्यांचं आणलं, तीन ब्रँड झाले, एकही निळं होईना. मी तोवर ग्राहक मंचात जायच्या तयारीत, आयोडीनयुक्त म्हणून पैसे घेतात आणि आत काही नाही! बायकोची एक मैत्रीण कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तिला फोन केला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, मीठ बरोबर आहे, प्रयोग चुकीच्या देशातला आहे. अमेरिकेत मिठात बहुतेक पोटॅशियम आयोडाइड घालतात, त्याच्यातनं पेरॉक्साइड आयोडीन मोकळं करतं, मग निळं होतं. आपल्याकडे घालतात पोटॅशियम आयोडेट, कारण दमट आणि गरम हवेत ते जास्त टिकतं. आयोडेटला उलटी ट्रीटमेंट लागते, त्यात आंबट आणि थोडं पोटॅशियम आयोडाइड घालावं लागतं, मग दोघं मिळून आयोडीन सोडतात. 'आशा' आरोग्यसेविकांकडे मीठ तपासायचं किट असतं त्यात हीच भानगड असते. आणि प्रमाण तरी किती, दुकानातल्या मिठात आयोडीन किमान १५ पीपीएम हवं, म्हंजे किलोच्या पुड्यात १५ मिलिग्रॅम.

म्हंजे बघा, पाषाण रोडवर १९५० पासून नॅशनल केमिकल लॅबोरेटरी उभी आहे त्या गावात मी एका कॉपी मारलेल्या पुस्तिकेमुळे मिठाच्या कंपन्यांवर संशय घेत बसलो होतो. ज्यानं ही पुस्तिका छापली त्यानं हा प्रयोग भारतात एकदाही करून बघितलेला नाही हे मी पैजेवर सांगतो. चुकलेला प्रयोग ठीक आहे, पण पुस्तिका म्हणते निळं नाही झालं तर "तुमचं मीठ आयोडीनयुक्त नाही". सहावीतलं पोर यावर विश्वास ठेवणार ना.

त्या रागातनं एक प्रयोग आम्हीच काढला. धायरीत आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं तेव्हा येतं, एरवी टँकर. तीन बाटल्या घेतल्या, एकात खडकवासल्याचं नळाचं, एकात टँकरचं, एकात आरओचं. प्रत्येकात आंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून वीस वेळा हलवलं. आरओच्यात फेस बुचापर्यंत, नळाच्यातही छान, टँकरच्यात फेस नाहीच, वर दह्यासारखा पांढरा चोथा. बोअरचं पाणी असणार, खडकातनं कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आलेलं, ते साबणाला धरतं आणि चोथा करतं, फेसाला साबण उरतच नाही. मग शाम्पू घालून केलं तर टँकरच्या पाण्यातही भरपूर फेस झाला. बायको म्हणाली, आता कळलं टँकरच्या दिवशी साबण का संपतो आणि गीझरमध्ये तो पांढरा थर का साचतो. सोसायटीच्या ग्रुपवर तिन्ही बाटल्यांचा फोटो टाकला, त्यावर दीडशे मेसेज आले, सेक्रेटरी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सेफ्टीबद्दल कडक लिहितो. किटमध्ये मोरचुदाची पुडी आहे, निळे क्रिस्टल करायला. मोरचूद विषारी असतं, पोटात गेलं तर दवाखाना. पुडीवर बारीक इंग्रजीत एक ओळ, चित्र नाही, मराठी नाही, आणि पुडी नेमकी मिठाच्या पुडीच्या आकाराची. मी ती पहिल्या दिवशीच कपाटात वर टाकली. क्रिस्टल तुरटीचेच केले, पावसात पाणी उडत नाही म्हणून तीन आठवडे लागले, पण बोराएवढा झाला. दुसरं, पुस्तिकेत "घरातली साफसफाईची लिक्विड्स एकमेकांत मिसळून पीएच बघा" असं सुचवलंय. अजिबात करू नका! टॉयलेट क्लिनरमध्ये ऍसिड असतं, ब्लीचमध्ये ते मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. ही सूचना वाचून मी कस्टमर केअरला मेल केली. उत्तर आलं: "आपल्या प्रेमाबद्दल धन्यवाद". सांडलेल्या आयोडीनबद्दल १०० रुपयांचं कूपन आलं, त्यांच्याच पुढच्या किटवर.

घ्यावं का? तुमचं मूल पाचवी ते सातवीत असेल, तुम्हाला शोधाशोध करायला वेळ नसेल आणि बॉक्स उघडल्याचा आनंद हवा असेल, तर ७०० पर्यंत मिळालं तर घ्या. १४९९ ला नाही. मी नंतर बोहरी आळीत एक चक्कर मारली, ड्रॉपर, फनेल, झाकणाच्या बाटल्या, काचेच्या चार टेस्टट्यूब, सगळं मिळून साडेतीनशेच्या आत. लिटमस कागदाच्या पट्ट्यांचं पुस्तक आप्पा बळवंत चौकात शाळेच्या सामानाच्या दुकानात. सोडा, तुरटी, लिंबूसत्व, चुना वाण्याकडे. आयोडीन मेडिकलमध्ये. आणि डोकं लावायचंच असेल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, अरविंद गुप्तांनी तिथे बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली, ती सगळी नेटवर फुकट बघायला मिळतात. हे मला किट घेतल्यावर कळलं, असो.

पाचपैकी अडीच स्टार. त्यातला एक आयोडीनचा, एक हळदीचा, अर्धा त्या जास्तीच्या ड्रॉपरचा, तो कशालाच वापरला नव्हता म्हणून आईनं घेतलाय, निरांजनात तेल घालायला. ओट्यावरचा डाग अजून आहे, त्यावर तिनं मिक्सर सरकवलाय.